मॅरेथॉन संपली, थंडी लागली: नागपुरात हिवाळाभर धावत राहण्यासाठी

पहिल्या मॅरेथॉननंतरच्या सोमवारी मी ऑफिसचा जिना कठडा धरून पाठमोरी उतरले. मांड्या इतक्या आंबल्या होत्या की सरळ उतरणं जमेना. शुक्रवारपर्यंत पाय मोकळे झाले. मन मात्र धावण्याचं नाव घेईना. पुण्याची मॅरेथॉन डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली होती. जुलैपासून भर पावसात एकही रविवार न चुकवणारी मी पुढच्या अख्ख्या महिन्यात दोनदाच घराबाहेर पडले. पहाटे पाचचा अलार्म वाजायचा, दुलईतून हात बाहेर यायचा, अलार्म बंद व्हायचा. फेब्रुवारी अर्धा सरल्यावर पुन्हा बूट घातले तेव्हा 5 किलोमीटरलाच धाप लागली, आणि आठच्या आत ऊन टोचायला लागलं होतं.

नागपुरात धावणाऱ्याला वर्षभरात जे सगळ्यात चांगले दिवस मिळतात, ते मी असे घरात काढले. त्याची हळहळ अजून आहे. त्यानंतरचे तीन हिवाळे मात्र मी धावत राहिले. त्यातून जे हाती लागलं ते पहिली मॅरेथॉन नुकतीच धावून आलेल्यांसाठी लिहिते आहे. आपल्याकडे 5 किलोमीटरच्या स्पर्धेलाही मॅरेथॉन म्हणायची पद्धत पडली आहे, मी 42.195 किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनबद्दल बोलते आहे. तुम्ही हाफ, म्हणजे 21 किलोमीटर धावला असाल तर विश्रांतीचे दिवस निम्मे धरा, बाकी सगळं तसंच लागू पडतं.

आधी हे ध्यानात घ्या: आपला हिवाळा म्हणजे धावण्याचा हंगाम

थंड देशांतले धावणारे लिहितात की हिवाळ्यात बर्फ, काळोख, घसरडे रस्ते, म्हणून उमेद टिकत नाही. ते वाचून आपणही थंडीला शत्रू समजायला लागतो. नागपूरचं गणित उलटं आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. साडेपाचला उजाडतं आणि सातला रस्ता तापायला लागतो. पावसाळ्यात हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे साधारण 12-13 अंश आणि दुपारी 28 च्या आसपास. अंग तापलं की रक्ताचा मोठा वाटा शरीर थंड करण्यासाठी कातडीकडे वळतो. तेवढं रक्त मांड्या-पोटऱ्यांच्या वाट्याला कमी येतं आणि हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात. थंड हवेत हा भार उतरतो. मे महिन्यात ज्या वेगाला जीव मेटाकुटीला येतो, त्याच वेगानं जानेवारीत गप्पा मारत धावता येतं.

म्हणजे मॅरेथॉननंतरचे अडीच महिने आपल्याकडे फुकट मिळालेले असतात. ते फेब्रुवारीअखेर संपतात. हे एकदा मनात बसलं की दुलईची ओढ थोडी कमी होते. थोडीच, पण होते.

पहिली पायरी: नीट थांबा

उमेद गेली म्हणून जे मला भेटतात, त्यातल्या निम्म्यांची उमेद गेलेली नसते. त्यांचं शरीर अजून भरून आलेलं नसतं. ठणका चार दिवसांत जातो, पण 42 किलोमीटरमध्ये स्नायूंच्या धाग्यांना झालेली बारीक इजा त्यापेक्षा बराच काळ भरत असते. रक्तात क्रिएटिन कायनेज नावाचा घटक असतो, तो स्नायूंच्या झिजेची खूण. मॅरेथॉननंतर तो आठवडाभरही वाढलेला राहू शकतो. अशा वेळी मन 'नको' म्हणतं तेव्हा ते आळशी नसतं, खरं बोलत असतं.

जुन्या धावपटूंचा एक हिशेब आहे: जितके मैल शर्यत, तितके दिवस सावकाश. मॅरेथॉन म्हणजे 26 मैल, म्हणून 26 दिवस. मी तो असा पाळते.

पहिला आठवडा अजिबात धावणं नाही. रोज 20-30 मिनिटं चालणं, रात्री एक तास जास्त झोप. दुसऱ्या आठवड्यात दोन किंवा तीन वेळा 3-4 किलोमीटर, शक्यतो मातीच्या मैदानावर, आणि घड्याळ घरी ठेवून. तिसऱ्या आठवड्यात चार दिवस, 5-6 किलोमीटर. चौथ्या आठवड्यात मॅरेथॉनच्या तयारीत जेवढं धावत होता त्याच्या निम्म्यावर या. पुढे हिवाळाभर या निम्म्याच्या फार वर जायची गरज नाही.

सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी नाडीचे ठोके मोजायची सवय लावून घ्या. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त असतील तर त्या दिवशी चालायला जा. तीन आठवड्यांनंतरही पाय शिशाचे वाटत असतील, जिना चढताना दम लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. बायकांनी तर नक्कीच. माझ्या ओळखीतल्या दोघी 'मनच लागत नाही' म्हणत होत्या. दोघींच्याही रक्तात लोह कमी निघालं.

आणि बूट बघा. धावायचे बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतात. चार-पाच महिन्यांच्या तयारीत आणि शर्यतीत तुमच्या जोडीनं बरंचसं आयुष्य संपवलेलं असतं. वरून ते नवेच दिसतात. आतला फोम बसलेला असतो. गुडघे कुरकुरायला लागले तर आधी बुटांकडे संशयानं पाहा.

दुसरी पायरी: कोणीतरी वाट पाहत असेल अशी सोय करा

हा भाग मी सगळ्यात सावकाश लिहिते आहे, कारण माझं धावणं टिकलं ते यावर.

मॅरेथॉनच्या तयारीत फ्रिजवर एक तक्ता चिकटवलेला असतो. मंगळवारी 8, गुरुवारी 10, रविवारी 24. चार महिने दर सकाळचा निर्णय त्या तक्त्यानं घेतलेला असतो. तुम्ही फक्त बूट घालायचं काम केलेलं असतं. शर्यत झाली, तक्ता फाडला, आणि आता रोज पहाटे पाच वाजता अंधारात तुम्हालाच ठरवायचं असतं की जायचं की नाही. पहाटे पाचला, बाहेर गारठा असताना, त्या प्रश्नाचं उत्तर काय येणार हे ठरलेलं आहे. म्हणून तो प्रश्न पहाटेसाठी ठेवायचाच नाही. त्याचं उत्तर आदल्या रात्री दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देऊन ठेवायचं.

माझ्यासाठी ते हात शेजारच्या बिल्डिंगमधल्या वहिनींचे आहेत. त्या माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या, आणि मॅरेथॉन त्यांनी कधी धावलेली नाही, धावायचीही नाही. त्या 5 किलोमीटर धावतात, तेही मध्ये मध्ये चालत. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा थंडीची लाट आली होती. मी रात्री फोन करून म्हटलं, "वहिनी, उद्या फारच गारठा आहे म्हणतात."

त्या म्हणाल्या, "मंग? मी तर सव्वासहाला चौकात येऊन राहिली. तू नाही आली तर एकटीच उभी राहीन न मी तिथं."

लॉ कॉलेज चौकात धुक्यात मफलर गुंडाळून एकट्या उभ्या असलेल्या वहिनी डोळ्यांपुढे आल्या आणि मी उठले. त्या हिवाळ्यात आणि पुढच्याही, मी अशीच उठत गेले. स्वतःला दिलेला शब्द मी कितीदा मोडला असेल, त्यांना दिलेला मोडवला नाही.

ही सोय करताना काही गोष्टी आधी ठरवून घ्या. जागा एकच, वेळ एकच. 'बघू, उठल्यावर मेसेज करते' असा करार टिकत नाही. आमचा नियम आहे की रात्री नऊनंतर नाही म्हणायचं नाही. ताप आला तरच फोन. आलेल्या माणसानं धावलंच पाहिजे असंही नाही. वहिनी कधी कधी अर्धा तास नुसत्या चालतात, मी पुढे जाऊन परत त्यांना गाठते. सोबती तुमच्याच वेगाचा असावा हा आग्रह सोडा. हिवाळ्यातलं बहुतेक धावणं सावकाशच करायचं असतं, तेव्हा हळू सोबती तुमच्या फायद्याचाच आहे.

सोबत कुठे शोधायची? रविवारी सकाळी फुटाळा तलावावर, अंबाझरी तलावाला किंवा सिव्हिल लाइन्समधल्या वॉकर्स स्ट्रीटवर जा. धावणाऱ्यांचे लहान-मोठे गट दिसतील. शर्यतीचा टी-शर्ट घातलेल्या कोणालाही जाऊन विचारा, "तुम्ही रोज किती वाजता येता?" नवख्या माणसाला फार संकोच वाटतो की हे सगळे वेगवान असतील. गटात सगळ्या वेगाची माणसं असतात, आणि नवीन माणूस आला की बहुतेकांना आनंदच होतो.

एकट्यानंच धावावं लागणार असेल तर घरातल्या कोणाला तरी या व्यवहारात घ्या. माझ्या ऑफिसातले एक सर सकाळी मुलाला शिकवणीला सोडतात आणि तिथूनच धावायला लागतात. क्लास सुटेपर्यंत त्यांना परत येऊन चालत नाही. घरातून बाहेर पडणं दुसऱ्या कशाला तरी बांधून टाकलं की झालं.

आणि तरीही एखाद्या सकाळी नको वाटलंच, तर दहा मिनिटांचा सौदा करा. बाहेर पडायचं, दहा मिनिटं धावायचं, तेव्हाही नको वाटलं तर घरी. मी हा सौदा प्रामाणिकपणे करते, म्हणजे खरोखर परतायची मुभा ठेवते. तीन हिवाळ्यांत दोनदाच परतले.

तिसरी पायरी: उन्हाळ्याची वेळ विसरा

माझ्या पहिल्या हिवाळ्यातली मोठी चूक म्हणजे पाचचा अलार्म. मॅरेथॉनची तयारी पावसाळ्यात झाली, तेव्हा ती वेळ बरोबर होती. जानेवारीत नागपुरात सूर्य उगवतो साधारण सहा पन्नासला. पाच वाजता बाहेर मध्यरात्रीसारखा काळोख असतो, आणि गारठाही. त्या वेळी उठायचं कारणच काय? ज्यांना जमतं त्यांनी सव्वासहा-साडेसहाला निघावं. रविवारी तर आम्ही सव्वासातला निघतो. नऊ-साडेनऊपर्यंत ऊन कोवळंच असतं. दुपारी एखाद्या सुटीच्या दिवशी चारला निघालं तरी चालतं. ही चैन नागपुरात फक्त याच दिवसांत परवडते. संध्याकाळी धावणार असाल तर डिसेंबरात साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो हे धरून चाला.

उशिरा निघण्याचं आणखी एक कारण आहे, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: हवा. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं. वाहनांचा धूर, जाळलेला पालापाचोळा, चौकाचौकांतल्या शेकोट्या, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. धुक्यात धावताना घशाला जो कडवटपणा जाणवतो तो याचाच. ऊन पडून जमीन तापली की हे झाकण सुटतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात शहरातल्या केंद्रांवरचा हवेचा निर्देशांक दिसतो. 100 पर्यंत असेल तर निर्धास्त धावा. 101 ते 200 असेल तर सावकाश आणि कमी अंतर. दमा असलेल्यांनी त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलंय तसंच वागावं. 200 च्या वर असेल तर मी बाहेर धावत नाही, घरी व्यायाम करते. शेकोटीत टायर किंवा प्लास्टिक जळत असेल तर रस्ता बदलून पलीकडून जा.

कपडे, आणि आदली रात्र

नागपूरची थंडी कधी कधी खरोखर कडाक्याची पडते. 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. पण असे दिवस मोजके. एरवीच्या 10-13 अंशांत पूर्ण बाह्यांचा, घाम न धरणारा एक टी-शर्ट, साधी ट्रॅक पँट, कान झाकणारी पातळ टोपी आणि स्वस्तातले लोकरी हातमोजे पुरतात. घरातून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर दुसऱ्या किलोमीटरला स्वेटर कमरेला बांधून पळावं लागेल. सुती बनियन टाळा. ते घामानं भिजतं आणि ओलंच राहतं.

खरी थंडी धावताना वाजतच नाही, ती वाजते फुटाळ्यापर्यंत दुचाकीवर जाताना. त्यासाठी जाड स्वेटर आणि मफलर वेगळे ठेवा, आणि डिकीत एक कोरडा टी-शर्ट. धावणं संपल्यावर पाच मिनिटांच्या आत ओला कपडा बदलायचा. गार वाऱ्यात ओल्या अंगानं गाडी चालवत घरी यायची वेळ आणू नका.

कपडे, मोजे, किल्ली, फोन, सगळं रात्री एका खुर्चीवर मांडून ठेवा. मी मोजे बुटांतच खोचून ठेवते. सकाळी कपाट उघडून शोधाशोध करण्यात जी दोन मिनिटं जातात, तेवढ्यात बेत रद्द होतो.

धावायला लागण्याआधी घरातच पाच मिनिटं अंग गरम करा: जागच्या जागी गुडघे उचलणं, वीस उठाबशा, घोटे फिरवणं. गारठ्यात पोटऱ्या आखडलेल्या असतात, आणि मॅरेथॉननंतर दुखापती होतात त्या बऱ्याचदा अशाच एखाद्या घाईच्या सकाळी.

रस्ते

आम्हा दोघींचा नेहमीचा रस्ता लॉ कॉलेज चौकातून रवीनगर, भरतनगरमार्गे फुटाळा. रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. धुक्यात काळे-निळे कपडे घालू नका. प्रकाशात चमकणारी पट्टी असलेलं जाकीट नसेल तर पांढरा टी-शर्ट तरी वरून चढवा. बायकांनी काळोखात एकटीनं निर्मनुष्य रस्ता धरू नये. हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहिणं भाग आहे.

डिसेंबरात आपल्याकडे विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. 1953 च्या नागपूर करारानं ठरलेली ही परंपरा. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड, बंदोबस्त, गाड्यांचे ताफे. तिकडे धावायची सवय असलेल्यांचा क्रम नेमका याच काळात तुटतो, आणि एकदा तुटलेला क्रम अधिवेशन संपल्यावरही लवकर जुळत नाही. म्हणून अधिवेशनाच्या तारखा कळल्या की तेवढ्या दिवसांसाठी आधीच अंबाझरी किंवा घराजवळचं मैदान ठरवून टाका.

जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे मांजा. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी दरवर्षी गळे कापल्याच्या बातम्या येतात. रात्री तुटून पडलेला मांजा पहाटे दिसत नाही आणि पायात अडकतो. त्या आठवड्यात आम्ही उजाडल्याशिवाय निघत नाही, झाडांच्या फांद्यांकडे नजर ठेवून धावतो, आणि रस्त्यात सापडलेला मांजा गुंडाळून कचऱ्यात टाकतो.

कुत्री थंडीच्या पहाटे घोळक्यानं असतात. ती दिसली की धावणं थांबवा, चालायला लागा, डोळ्याला डोळा भिडवू नका. चावलंच तर साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

गोरेवाडा तलावाकडे जमत असेल तर हिवाळ्यात एकदा तरी जा. स्थलांतर करून आलेली बदकं पाण्यावर दिसतात. त्या दिवशी किती किलोमीटर झाले हे मी लिहूनही ठेवत नाही.

पुढची शर्यत: अंतर कमी करा

मॅरेथॉनहून परतल्यावर पहिला प्रश्न येतो, "आता पुढची कुठली?" त्या भरात लोक दोन महिन्यांत दुसरी मॅरेथॉन नोंदवून टाकतात. असं करू नका. एलियुड किपचोगेसारखा मॅरेथॉनचा ऑलिंपिक विजेताही वर्षाला साधारण दोनच मॅरेथॉन धावत आला. आपण नोकरी, संसार सांभाळून धावणारी माणसं.

त्याऐवजी फेब्रुवारीतली एखादी 10 किलोमीटरची शर्यत धरा. तारीख डोळ्यांपुढे असणं गरजेचं आहे, अंतर मोठं असणं नाही. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आली, आणि नंतर 3000 मीटरच्या स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं त्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. तिची गोष्ट वेगळी, पण लांबवरून आखूड अंतराकडे जाणं म्हणजे खाली उतरणं, ही समजूत माझ्या मनातून तिच्याकडे पाहून गेली.

10 किलोमीटरसाठी आठवडा साधारण असा: मंगळवारी 5 किलोमीटर गप्पा मारता येतील अशा वेगात. गुरुवारी 6 किलोमीटर, आणि त्यात फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सकडे चढणाऱ्या रस्त्यावर 40-45 सेकंदांच्या सहा चढाया. वर जाताना जोर लावायचा, उतरताना चालत यायचं. शनिवारी घरी अर्धा तास ताकदीचे व्यायाम: उठाबशा, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), एका पायावर टाच उचलणं, प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं). रविवारी 10 ते 12 किलोमीटर, सावकाश. सगळे मिळून 21-23 किलोमीटर होतात. मॅरेथॉनच्या तयारीच्या मानानं हे फार कमी वाटेल. आठवड्यात एक दिवस जोराचा राहिला तर एवढ्यावरही कमावलेला दम बराचसा टिकतो. चढाया मॅरेथॉननंतरच्या पाचव्या आठवड्यापासून सुरू करा, आधी नाही.

वेळेचा पाठलाग या हिवाळ्यात करावाच असं नाही. मागच्या वर्षी मी शर्यतच धरली नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला सलग 5 किलोमीटर धावता यावं, हे काम घेतलं. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं अर्धा तास. दर आठवड्याला धावण्यात अर्धं मिनिट वाढ. ज्या रविवारी ती फुटाळ्याला न थांबता 5 किलोमीटर पूर्ण करून कठड्याला टेकली आणि रडली, तो माझ्या स्वतःच्या मेडलपेक्षा मला जवळचा आहे. तुम्ही नुकतीच मॅरेथॉन धावला आहात. तुमच्या आजूबाजूला अशी दोन-चार माणसं नक्की आहेत जी विचारायला कचरत आहेत.

खाणं, लग्नं, सर्दी

थंडीत तहान कळत नाही, पण श्वासावाटे आणि घामावाटे पाणी जातंच. निघण्याआधी एक पेला कोमट पाणी, आल्यावर दोन. संत्र्यांचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यात येणारं पीक, या दिवसांत बाजारात असतोच; धावून आल्यावर दोन संत्री सोलून खाण्यासारखं सुख नाही. तर्री पोहे रविवारच्या लांब धावण्यानंतर, आधी कधीच नाही. बाकी डिंकाचे-मेथीचे लाडू, तीळगूळ, ज्वारीची भाकरी, हे सगळं आपल्या आज्यांनी थंडीसाठीच ठेवलेलं आहे. मॅरेथॉनइतकं धावत नसताना मॅरेथॉनइतकं खाल्लं जातं, एवढं मात्र लक्षात असू द्या.

लग्नसराई आणि हुरडा पार्ट्या चुकवू नका. रात्री बारा वाजता रिसेप्शनहून आलात तर दुसऱ्या दिवशीचं धावणं संध्याकाळवर ढकला, आणि सोबत्याला हे आदल्या दिवशीच सांगा.

सर्दी नाकापुरती असेल तर हळू धावायला हरकत नाही. छातीत खोकला, अंगदुखी, ताप असेल तर पूर्ण बंद, आणि ताप उतरल्यावर आणखी दोन-तीन दिवस. गेलेले दिवस भरून काढायला जाऊ नका. ज्या दिवशी परत याल त्या दिवशी तक्त्यात जे असेल त्याच्या निम्मं करा आणि पुढे चला. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात खोकल्यानं बारा दिवस गेले होते. तेराव्या दिवशी मी 2 किलोमीटर धावले. वहिनी चौकात थांबल्या होत्या. "झालं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

फेब्रुवारीच्या शेवटी

होळीच्या आधीच एका सकाळी हातमोजे नकोसे होतील, मग टोपी. पळस फुललेला दिसेल. त्या आठवड्यापासून अलार्म दर रविवारी पंधरा मिनिटं मागे घ्यायला लागा: सव्वासहा, सहा, पावणेसहा. मार्चअखेर साडेपाचला चौकात उभं राहायची सवय झालेली असली पाहिजे, कारण त्यानंतर ऊन थांबत नाही. वहिनींना मी हे दरवर्षी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सांगते, आणि त्या दरवर्षी म्हणतात, "अजून थंडी आहे न बाई, एवढी घाई काऊन करून राहिली?"